मोठ्यानं वाचलेला मार्च

समोरच्या इमारतीतली एक मुलगी परवापासून मोठ्यानं वाचायला लागलीय. म्हणजे मार्च आला. तिचा चेहरा मला दिसत नाही. नुसता आवाज येतो, वाक्य संपताना जरासा वर चढणारा, मध्येच जांभईत बुडणारा, पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू होणारा. त्या वेळी मी रात्रपाळीहून येऊन, खिडकीला जाड चादर लावून, पाठ टेकलेली असते. ती वाचायला लागली की मला हसू येतं. मंदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणते, "लागला तुमचा रेडिओ. झोपा आता."

आणि मी झोपतो. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून.

हे इतकं सोपं वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी मुळात कमी बोलणारा. जे सांगायचं ते सांगायचं राहतं, आणि राहिलेलं आत साचत जातं. एका मार्चबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही, कारण त्यात माझं वागणं चांगलं नव्हतं. पण त्या मार्चचा शेवट असा आहे की तो लपवून ठेवणं हाही आता एक प्रकारचा कद्रूपणा वाटतो.

तेव्हा आम्ही गिरगावातली चाळीतली खोली सोडून भाईंदर पश्चिमेला नवीनच राहायला आलो होतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि जिचा सगळ्यांना फार अभिमान होता अशी स्वतःची गॅलरी. गॅलरीतून मिठागरं दिसायची. मार्च महिन्यात मिठाचे ढीग वर आलेले असत आणि सकाळचं ऊन त्यांच्यावर पडून असं काही उसळायचं की भिंतीसुद्धा पांढऱ्याफटक पडायच्या. पाहुणे म्हणायचे, काय उजेड आहे हो तुमच्याकडे! मी हसायचो. मला त्या उजेडाचा राग यायचा. जगाची सकाळ ती माझी रात्र, आणि माझ्या रात्रीत कुणीतरी रोज ट्यूबलाइट लावून ठेवल्यासारखं.

मी उत्तनच्या रस्त्यावर एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर ऑपरेटर होतो. अजूनही आहे. कोळ्यांच्या होड्यांना पहाटे बर्फ लागतो, म्हणून कारखाना रात्री जागतो. चौक गावचे, उत्तनचे टेम्पो उजाडायच्या आधी दारात उभे असतात. त्यात मार्चपासून लग्नं, सरबतवाले, उसाच्या रसाच्या गाड्या. म्हणजे मिठाचा, बर्फाचा आणि परीक्षेचा, तिन्ही हंगाम आमच्या घरावर एकदमच येऊन आदळायचे.

माझं काम बघणाऱ्याला काही कामच वाटणार नाही. खुर्चीत बसायचं आणि ऐकायचं. काटे असतात, ते बघायचेच, पण खरं काम कानाचं. कॉम्प्रेसरचा आवाज एकसारखा चालू आहे तोवर सगळं ठीक. त्यात बारीकसा फरक पडला, एखादा ठोका जड झाला, की उठायचं. आत अमोनिया फिरत असतो. त्याच्याशी चेष्टा चालत नाही. तर अशा रीतीनं रात्रभर कान टवकारून बसायचं आणि सकाळी घरी येऊन त्याच कानांना सांगायचं, आता मिटा. डोळ्यांना पापण्या असतात. कानांना नसतात.

झोप येईनाशी झाली. आधी वाटलं, सवय होईल. वर्ष झालं, दुसरं लागलं, सवय काही होईना. पोटात सतत जळजळ. जेवणाच्या वेळी भूक नाही आणि कामाच्या मध्यावर पोटात कावळे. एकदा चहात साखरेऐवजी मीठ घालून प्यालो आणि अर्धा कप संपेपर्यंत मला कळलं नाही. साडूच्या मुलाच्या मुंजीत पंगतीत बसल्या बसल्या डुलकी लागली आणि कपाळ थेट मठ्ठ्याच्या वाटीत. सगळे हसले. मंदा हसली नाही.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "झोप घ्या भरपूर."

"कधी?"

"दिवसा. रात्रपाळी आहे ना?"

"दिवसा येत नाही."

"मग रात्री घ्या," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

कारखान्यात बर्फाच्या लाद्या भरायला राई गावचा हरेश्वर म्हात्रे होता. त्याच्या घरची मिठागरं होती, शेतीही होती, त्यातली बरीचशी आता इमारतींखाली गेलेली. तो माझ्याच पाळीत असायचा आणि दिवसा अंगणातल्या बाजेवर घोरायचा, असं त्याचंच म्हणणं. माझे डोळे बघून म्हणाला, "काय रं, रडून आलास का काय? ताडी मार नि झोप. दुसरा विलाज न्हाय." त्याच्या शब्दावर एकदा मारली. झोप नव्हे, बेशुद्धी आली. उठलो तर डोक्यात कॉम्प्रेसर चालू. हरेश्वर म्हणाला, "मंग तुझं डोस्कंच खराब हाय, ताडीत खोट न्हाय."

एका पहाटे आवाज बदलला आणि मला तो कळलाच नाही. खुर्चीत डोळे उघडे ठेवून मी कुठेतरी गेलो होतो. हरेश्वरनं खांद्याला धरून हलवलं. वेळेत हलवलं, म्हणून हे लिहायला मी आहे. त्या दिवसापासून मला स्वतःची भीती वाटायला लागली. आणि घाबरलेला माणूस घरात काय करतो? हुकूम सोडतो.

घरात मी शांतता लागू केली.

सकाळी मी आडवा झालो की घरानं श्वास रोखायचा. कुकरची शिटी बंद. मंदा भात पातेल्यात शिजवायला लागली. दाराच्या बेलची वायर मी स्वतः काढून टाकली. टीव्ही नाही, रेडिओ नाही. मंदा घरबसल्या साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची, त्या शिलाई मशीनवर चादर पडली आणि पुढे त्या चादरीवर इस्त्रीचे कपडे. तिच्या हातात काचेच्या बांगड्या असायच्या. त्या किणकिणू नयेत म्हणून ती त्या कोपराकडे वर सरकवून ठेवायची. दुपारभर तशाच. संध्याकाळी खाली आणायची तेव्हा दंडावर लाल वळ दिसायचे. ते मी बघायचो. बघून गप्प बसायचो.

शेजारच्या हंसाबेन फार सज्जन. त्यांची नातवंडं जिन्यात खेळायला लागली की त्या दबक्या आवाजात ओरडायच्या, "अरे धीरे! अंकल सो रहे हैं!" ते दबकं ओरडणं नातवंडांच्या गोंधळापेक्षा जास्त टोचायचं. एकदा मंदाला म्हणाल्या, "मंदाबेन, बुरा मत मानना हां, पण तुमच्या घरी आलं ना, तर मला वाटते कोणी गुजर गया है." मंदानं हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय."

आणि अंकल सो रहे हैं, हेही खोटंच. अंकल पडून असायचे. शांततेत काय काय ऐकू येतं, ते ज्यानं ऐकलंय त्यालाच ठाऊक. नळाचा थेंब. शेजारच्या घरातली उचकी. मंदा चमचा ठेवताना तो अगदी हळू टेकवायची, आणि मी त्या टेकण्याची वाट बघत ताणून पडलेला. आवाज आला की दचकायचो, नाही आला तर येईल म्हणून जागा.

आता वैशूबद्दल.

वैशाली आमची एकुलती एक. ती बोलायला लागली ती वर्षाच्या आत, आणि थांबली अशी नाहीच. शाळेतून आली की चप्पल काढायच्या आधी तिची बातमी सुरू. अभ्याससुद्धा तिला बोलूनच व्हायचा. पुस्तक मांडीवर घ्यायची, पुढेमागे झुलायची आणि प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायची. एकदा पुस्तकाकडे बघून, एकदा भिंतीकडे बघून. मनातल्या मनात वाचलं की तिच्या डोक्यात काही राहायचंच नाही. बाई म्हणायच्या, हिच्या कानात मेंदू आहे. तसा माझ्याही. पण हे मला तेव्हा कुठे सुचायला!

तिची दहावी. डिसेंबरातली एक दुपार. ती स्वयंपाकघरात बसून इतिहास वाचत होती. मी आतून ओरडलो. ती कुजबुजून वाचायला लागली. कुजबुज ऐकलीय कधी, दारामागून? नुसते स आणि श येतात, सापासारखे. मी उठलो. पुन्हा सांगायला म्हणून उठलो, असं मी नंतर मंदाला म्हणालो. खरं म्हणजे मारायलाच उठलो होतो. तिच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि तेच तिच्या पाठीत घातलं. दोनदा. "तोंड बंद ठेवता येत नाही तुला?" असं म्हणालो.

ती रडली नाही. पुस्तक उचललं, त्याची मुडपलेली पानं सरळ केली, आणि जिन्यानं वर गच्चीवर गेली.

त्यानंतर मुलगी गप्प झाली. शाळेतून यायची, चप्पल काढायची, हात धुवायची. बातम्या बंद. मी घरी असेन तेव्हा ती गच्चीवर, टाकीच्या सावलीत. सावली सरकली की तीही सरकायची. चेहरा उन्हानं रापला. तिथं ती मोठ्यानं वाचत असेल, असं मी स्वतःला सांगून घेतलं होतं. पण एकदा वाळलेले कपडे आणायला म्हणून वर गेलो तर पुस्तक उघडं होतं आणि ओठ मिटलेले. गच्चीवर तिला कोण अडवणार होतं? कुणीही नाही. पण एकदा अडलं ते अडलंच.

जानेवारीत प्रिलिममध्ये ती दोन विषयांत नापास झाली. मंदा शाळेत जाऊन आली आणि सरळ माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या होत्या, पोरीला सगळं समजतं, पण पेपर हातात आला की आठवत नाही. असंच राहिलं तर बोर्डाला बसवणं धोक्याचं आहे.

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

इथे आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. पाळी बदलून मागता आली असती. लोक मागत, मिळतही असे. मी मागितली नाही. घरी म्हणायचो, मालक सोडत नाही. मालकाला मी कधी विचारलंच नव्हतं. रात्रीच्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही, आणि दिवसा झोपलेल्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही. मला ते सोयीचं होतं. झोप नव्हती, तरी ती चादर अंगावर होती, तिच्या आत मला कुणी काही विचारत नव्हतं. बायको आणि मुलगी माझ्या झोपेची राखण करतायत असं त्यांना वाटायचं. त्या माझ्या अबोल्याची राखण करत होत्या.

मार्च लागला. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, आणि सोसायटीनं नेमकं तेव्हाच गच्चीला डांबर घालायला काढलं. पावसाळ्यात वरच्या मजल्याला गळती, म्हणून. गच्चीच्या दाराला कुलूप. जिन्यात डांबराचा वास आणि मजुरांची येजा. वैशू दप्तर घेऊन वर गेली आणि परत आली. मी नुकताच पडलो होतो. डोळे मिटलेले, कान सताड.

स्वयंपाकघरात मंदानं विचारलं, "काय गं?"

"कुलूप आहे." पुटपुटल्यासारखं.

"मग इथं बस."

"इथं कसं?"

 मग मंदाच्या बांगड्या खाली घसरल्याचा आवाज आला. सगळ्या. खळ्ळकन. मला वाटतं तिनं हात झटकला असावा. ती वैशूला दंडाला धरून खोलीत घेऊन आली, माझ्या कॉटपासून हातभर अंतरावर तिला बसवलं आणि म्हणाली, "वाच. मोठ्यानं."

"आई, बाबा झोपलेत."

"नाही झोपलेत."

"झोपलेत गं."

"डोळे मिटून पडलेत. बायको आहे मी त्यांची, मला कळत नाही? गेली दोन वर्षं एका जाग्या माणसाला झोपलेला समजून आपण दोघी गप्प बसतोय. नाहीतरी त्यांना झोप लागत नाहीये, निदान तू तरी पास हो."

असं कुणी माझ्यासमोर माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं. उठून बसावं, ओरडावं, असं आधी वाटलं. पण ते खरं होतं, आणि खरं ऐकल्यावर माणसाला पाय हलवायलासुद्धा जड जातं. मी डोळे मिटूनच राहिलो. आता ते मिटणं रागाचं नव्हतं. मला माहीत होतं, डोळे उघडले तर पोरगी थांबेल.

तिनं सुरुवात केली. आवाज कोरडा, अडखळत, जसा फार दिवस बंद ठेवलेला नळ आधी खोकतो. भूगोल होता. "काळी मृदा कापसाच्या पिकाला उपयुक्त असते." थांबली. मी हललो नाही. "काळी मृदा कापसाच्या पिकाला उपयुक्त असते." दुसऱ्यांदा, बहुधा भिंतीकडे बघून. "तिच्यात ओलावा टिकवून धरण्याची क्षमता असते." पुन्हा तेच. मग हळूहळू ती झुलायला लागली असणार, कारण आवाजाला लय आली. शब्दांचे अर्थ माझ्या कानात येईनासे झाले, नुसता आवाज येत राहिला, एकसारखा, ना वर ना खाली. काळी मृदा, तांबडी मृदा, जांभी मृदा. मला वाटलं, सगळं ठीक चाललंय. काहीही बदललेलं नाही. बसल्या जागी राहायला हरकत नाही.

यापुढचं मला ठाऊक नाही, कारण मी झोपलो होतो.

एकदम काहीतरी बिघडलं. आवाज गेला होता. मी ताडकन उठून बसलो, हात व्हॉल्व्हसाठी पुढे गेलेला, आणि ओरडलो, "काय बंद पडलं?"

वैशू पाण्याचा पेला तोंडाला लावून समोर बसली होती. डोळे मोठे. "मी, बाबा," ती म्हणाली. "पाणी प्यायला."

मंदा दारात उभी होती. आधी तिनं पदर तोंडाला लावला, मग तिला ते आवरेना, आणि ती दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. वैशूच्या नाकातून पाणी आलं. मला काहीच कळत नव्हतं. खिडकीबाहेर बघितलं तर ऊन मिठागरांवरून पार खाडीकडे उतरलेलं. सकाळी पडलो होतो. दुपार माझ्याशिवाय होऊन गेली होती.

"घसा बसलाय माझा," वैशू म्हणाली. "तुम्ही उठतच नव्हता. आई म्हणाली थांबू नकोस, थांबू नकोस. अख्खा भूगोल दोनदा झाला."

मी फक्त म्हणालो, "भूक लागलीय." दोन वर्षांत पहिल्यांदा ते खरं होतं.

तेव्हापासून मी त्यावर पुष्कळ विचार केलाय. मला वाटायचं, आवाज माझी झोप मोडतो. पण माझा कान पगारावर ठेवलेला कान. एकसारखा आवाज म्हणजे त्याच्या दृष्टीनं सुखरूप आणि आवाजातला फरक म्हणजे धोका. मी घरात काय केलं, तर सगळा आवाज काढून घेतला, आणि मग उरलेल्या प्रत्येक थेंबाला, चमच्याला, कुजबुजीला फरक बनवून ठेवलं. जी झोप मी त्या दोघींकडून हिसकावून घ्यायला निघालो होतो, ती त्यांच्या तोंडातच होती.

मग काय विचारता! आमच्या घरात त्या मार्चमध्ये जी धमाल उडाली, ती दिवाळीलासुद्धा कधी उडाली नाही. वैशू वाचायची आणि मी झोपायचो. इतिहासाला लवकर झोप लागायची, विज्ञानाला जरा उशिरा. बीजगणित नुसतं वाचता येत नाही, म्हणून बीजगणित संध्याकाळी. वाचताना तिचा शब्द चुकला की मी झोपेत कूस बदलतो, असा शोध तिनंच लावला. "आई, बाबा वळले, काहीतरी चुकलं बघ," म्हणून ती पुन्हा पुस्तकात बघायची. खरंच चुकलेलं असायचं, असं तिचं म्हणणं. मी साक्ष देऊ शकत नाही, मी झोपलो होतो.

तिचा घसा दमला की एकदम थांबायचं नाही, आधी आईला सांगायचं. मंदा मशीनवरचे कपडे बाजूला करून चादर काढायची आणि पायानं मशीन चालवायला लागायची. मशीनची घरघर चालू झाली की वैशूनं हळूहळू थांबायचं. कारखान्यात पाळी बदलते तशी. फॉल-बिडिंगची कामं परत यायला लागली. कुकरच्या शिट्या परत आल्या, कारण वाचन चालू असेतोवर शिटीनंही माझी झोप मोडेना, आणि पहिल्या दिवशी ती झाली तेव्हा मंदानं म्हणे हात जोडले. हंसाबेन डोकावल्या. "मंदाबेन, ये क्या, भाईसाब घर में नहीं है?" मंदा म्हणाली, "आहेत ना. झोपलेत." हंसाबेननी कॉटवर बघितलं, मशीनकडे बघितलं, झुलत वाचणाऱ्या वैशूकडे बघितलं. "हे भगवान," म्हणाल्या, "ये तो कुंभकर्ण निकला."

एकदा झोप हाताशी आली म्हटल्यावर बाकीच्या गोष्टींशी झगडायला बळ आलं. सकाळी घरी येताना मिठाच्या ढिगांवरचं ऊन डोळ्यांत शिरलं की मेंदू दिवस उगवल्याची दवंडी पिटायचा. मी काळा गॉगल घेतला, सायकलवर तो लावून यायला लागलो. हरेश्वरनं पहिल्या दिवशी लाद्या टाकून टाळ्या वाजवल्या. "आयला, हिरो निंगाला! हिरोइन कुटं हाय?" मी म्हटलं, "घरी भूगोल वाचतेय." त्याला काही कळलं नाही, मला फार मजा आली. पहाटेचा चहा सोडला. सोडताना दोनतीन रात्री डोकं ठणकलं, मग राहिलं. येऊन भरपेट जेवून पडायचो, ते बंद करून पेजेचा एक वाडगा. सुट्टीच्या दिवशी रात्री झोपून सगळं घड्याळ विस्कटायचो, तेही जमेल तितकं टाळलं. संध्याकाळी उठलो की खाडीच्या बाजूनं राईपर्यंत चालत जायचो. पोटातली जळजळ आधी कमी झाली, मग एक दिवस लक्षात आलं की गोळ्यांची पुडी संपून गेलीय आणि मी आणलेलीच नाही. कारखान्यात आवाज बदलला की मी उठायला लागलो, आवाज पुरता बदलायच्या आधी.

रात्रपाळी सोपी झाली असं मी म्हणणार नाही. तिनं माझ्याकडून जे नेलं ते नेलं. केस लवकर गेले, आणि आजही कुणी मागून हाक मारली की मी जरा जास्तच दचकतो. मुलीच्या पाठीत घातलेलं पुस्तक कुठल्याही पेजेनं भरून निघत नाही. तिला मी त्याबद्दल काही म्हणालो नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आता ती नोकरी करते, मीरा रोडला राहते, तिला स्वतःचं मूल आहे. हा लेख तिच्या हातात पडेल तेव्हा तिला कळेल की मी ते विसरलो नव्हतो.

परीक्षा झाली. पेपरांच्या दिवसांत मशीननं सगळी दुपार सांभाळली.

जूनमध्ये निकाल लागला ती दुपार. वैशू शाळेत गेली होती. होड्या पावसाळ्यासाठी ओढून ठेवायची वेळ आलेली, कारखान्यात काम कमी, पण पाळी होतीच आणि मी मशीनच्या घरघरीत गाढ झोपलो होतो. मशीन थांबलं. मी उठून बसलो. मंदा गॅलरीत जाऊन उभी राहिली होती, कठड्यावरून अर्धी बाहेर. मी तिच्या मागे गेलो.

खाली फाटकातून वैशू येत होती. आम्हाला बघून ती थांबली आणि हातवारे करायला लागली. बोटं वर, मूठ, छातीवर हात, पुन्हा बोटं. मंदानं वरून तशीच काहीतरी खूण केली आणि तिचे डोळे भरून आले. मला काहीच समजेना. मग लक्षात आलं. त्या दोन वर्षांत दोघींनी आपापसात खुणांची एक अख्खी भाषा तयार केली होती. भाजी काय आणू, कोण आलंय, बाबा उठले का, सगळं त्या हातांनी बोलायच्या. माझ्यामुळे ती भाषा जन्माला आली होती आणि घरात ती न येणारा मी एकटा होतो.

"काय म्हणतेय ती?" मी मंदाला विचारलं.

"तिलाच विचारा," मंदा म्हणाली.

मी कठड्याला धरून वाकलो. भर दुपार. सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघड्या. मला ओरडायची सवय होती ती फक्त गप्प करण्यासाठी.

"वैशू, हात नको! तोंडानं बोल! मोठ्यानं!"

ती क्षणभर वर बघत राहिली. मग दोन्ही हात खाली सोडून, मान मागे टाकून ओरडली, "बाबा, फर्स्ट क्लास!"

हंसाबेनचं दार उघडलं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. मला नीट ऐकू आलं होतं, अक्षर न् अक्षर.

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "अजून मोठ्यानं!"